ज्ञ आधी, मग क

मी मूळची मिरजेची. सातवीची फायनल पास झाले, लग्न झालं आणि आले ती थेट कलकत्त्याजवळ, गंगेकाठच्या बजबजला, हे तिथं तागाच्या गिरणीत कारकून, तेव्हापासून इथलीच झाले म्हणा. कलकत्त्यात आपल्या मराठी मंडळाच्या खोलीवर रविवारी मुलांना मराठी लिहायला-वाचायला शिकवणारं कुणी हवं होतं, म्हटलं मी जाते, झाली की बारा-तेरा वर्षं, रविवार चुकला असेल तर बंद होता, गाड्या नव्हत्या म्हणूनच.

मुलं कुणाची, तर बँकेतल्या नाहीतर सरकारी साहेबांची. घराबाहेर सगळं बंगाली, त्यामुळे काय सांगू तुम्हाला, बाई, पाणी खाऊ का, असं विचारायची, बंगालीत पाणी खातातच ना. मी म्हणायची, पाणी पितात रे, खातात ते पोहे. जरा कुठं जीभ वळायला लागली की वडिलांची बदली. कुणी ठ पर्यंत, कुणी म पर्यंत, ज्ञ पर्यंत म्हणून कुणी पोचायचं नाही.

एक वसू होती, बँकेतल्या साहेबांची, फार हुशार. तिच्यावर माझा जीव जडला, खोटं कशाला बोलू, वाटायचं ही पोचणार. बंगालीत ळ नाही, पण हिला तोही पटकन आला, दोनच अक्षरं राहिली आणि बदलीचा हुकूम आला. हावडा स्टेशनवर पोचवायला गेले, म्हटलं वसू, मला पत्र लिही हो, मराठीत. हो म्हणाली. वर्षभर पोस्टमनची वाट पाहिली, नाही आलं. फार लागलं मनाला, रविवारी जाऊच नये असं वाटायला लागलं. तर हे म्हणाले, तू शिकवायला जात होतीस की पत्र मिळवायला? पिशवी उचलली आणि गेले.

पण तेव्हापासून नवं मूल आलं की पहिल्या दिवशी फळ्यावर ज्ञ काढते, गिरवून घेते, मग क. मंडळाचे चिटणीस हसले, म्हणाले, बाई, ही उलटी गंगा कशाला? म्हटलं, भाऊसाहेब, बजबजला या एकदा, भरतीला आमची गंगा रोज उलटी वाहते, होड्या काही थांबत नाहीत.

आता पत्राची वाट बघत नाही. जिथं असतील तिथं सुखात असोत, वसूसुद्धा. परवा एक नवी मुलगी आली, ज्ञ गिरवला आणि विचारते, बाई, पाणी खाऊ का? म्हटलं, खा बाळ. प्यायचं पुढच्या रविवारी बघू, असलीस तर.