निळंच राहिलेलं पाणी

रक्त तपासायच्या रांगेत माझ्यापुढे एक आजोबा आणि त्यांची कॉलेजातली नात उभी होती.

“आजोबा, फिरायला नेता त्या बाटलीत साखर घालता ना?”

“तूच तपासलंस की प्रयोगशाळेत. निळंच राहिलं म्हणालीस.”

“ग्लुकोज असलं तर ते निळं द्रावण घालून उकळल्यावर विटकरी होतं. घरातल्या साखरेला आधी आम्ल घालून उकळावं लागतं, नाहीतर निळंच राहतं. सरांनी काल सांगितलं.”

“असं होय.”

“किती घालता?”

“तीन चमचे.”

“मग तेव्हाच का नाही बोललात? डॉक्टर आता इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू करायचं म्हणतायत.”

“इतक्या खात्रीनं सांगत होतीस. तुला तोंडघशी कशाला पाडायचं?”

“आजीला काय सांगू आता?”

“तिला काय सांगायचं? तू बाटली तपासायला नेलीस तेव्हाच ती तुला म्हणाली होती, एक घोट पिऊन बघ म्हणून.”