माझ्या डोक्याचा नंबर

नाही, मला आधी एक सांगा, माणसाला स्वतःच्या डोक्याचा नंबर माहीत असायलाच हवा का? चपलेचा नंबर असतो, चष्म्याचा असतो, कबूल! पण केसांचा? तुम्हाला सांगते, गेलं वर्षभर मला आमच्या नायजेरियातल्या या इबादानमध्ये "कशी आहेस" असं एकाही बाईने विचारलेलं नाही. भेटली की नजर थेट कपाळाच्या वर, आणि पहिला प्रश्न, "नंबर काय?"

म्हणजे झालं असं की मी केस कापले. सगळे. बोटभर ठेवले फक्त. का म्हणून विचारा ना! अहो, मी सात वर्षांची असल्यापासून आमच्या आईने माझ्या डोक्याला ते केस सरळ करायचं मलम फासलंय. दर दीड महिन्याने. मी ओरडायचे, "आई, जळतंय!" आई म्हणायची, "थोडं सोस, मोरेनिके, सुंदर दिसशील." खपल्या धरायच्या हो टाळूला! आणि सुंदर कोण दिसायचं, तर दोन आठवडे मी, आणि मग पुन्हा मुळाशी कुरळं उगवलं की पुन्हा मलम. एकतिसाव्या वर्षी माझ्या लक्षात आलं की आपले खरे केस कसे आहेत हे आपण कधी बघितलेलंच नाही. बाकी सगळं बघून झालं, नवरा बघितला, सोडला, स्वतःचे केस मात्र राहिले! म्हणून कापले. आईने दार उघडलं, माझं डोकं बघितलं आणि दाराची चौकट धरून विचारते कशी, "कोण गेलं गं?"

आता आमच्यात नवरा मेला की बाईचं डोकं भादरतात, त्यामुळे तिचंही चुकलं नाही म्हणा. पण माझा नवरा जिवंत आहे, दुग्बेच्या बाजारात टायर विकतो, चांगला टुणटुणीत आहे! तरी आठवडाभर शेजारणी सांत्वनाला येत होत्या. केस माझे, डोकं माझं, पण मत मात्र अख्ख्या इबादानचं!

बरं, कापले ते कापले, मग आमची सिमी आली. सिमी म्हणजे माझी बँकेतली मैत्रीण, हिने लागोसला जाऊन केसांचं काय ते ज्ञान घेतलंय, त्यामुळे ती आता माणसाशी बोलत नाही, केसांशीच बोलते. म्हणाली, "आधी नंबर काढू. एक म्हणजे सरळ, ते आपल्याकडे नसतातच. दोन म्हणजे लाटा. तीन म्हणजे गोल गोल वेटोळी. चार म्हणजे आपण. आणि त्यात पुन्हा ए, बी, सी, जितकं घट्ट तितकं पुढचं अक्षर." मी म्हटलं, "मग मी चार, झालं की!" तर म्हणते, "चार काय? चार काय? अगं, चार काय ते कळल्याशिवाय तेल कुठलं लावणार तू?" जसं काही इतकी वर्षं तेलाच्या बाटल्या माझा नंबर विचारूनच उघडत होत्या!

मग परीक्षा. केस धुवायचे, तेल नाही, मलम नाही, कंगवा नाही, आपापले वाळू द्यायचे आणि मग आरशात बघायचं. बघितलं. आणि तुम्हाला सांगते... खरं सांगते, हसू नका... मला रडूच आलं. कपाळावर इवल्या इवल्या स्प्रिंगा होत्या हो, पेनातल्या असतात ना, तश्शा! इतकी वर्षं कुठे होत्या या? मी बोटाने एक ओढली, सोडली, टुणकन परत! मी तासभर तेवढंच करत बसले.

सिमीला त्याचं काय! ती भिंग घेऊन बसलेली. "पुढे चार ए. वर टाळूवर वेटोळं नाहीच, नुसतं वाकडंतिकडं, चार बी. मागे तर काय दिसतच नाही, सगळं दाट, चार सी. आणि हे... कानामागे हे काय?" कानामागे एकच बट, लांब, सैल, गोल. तीन सी! एका डोक्यात चार नंबर! आई स्वयंपाकघरातून ओरडली, "ती तिच्या बापाकडची! आमच्यात सैल काही नसतं!"

बरं, एवढ्यावर भागेल ती सिमी कसली! म्हणे, केस पाणी पितो का ते बघायचं. ग्लासभर पाण्यात एक केस टाकायचा, तरंगला तर पाणी आत घ्यायला कंटाळतो, बुडाला तर गटागटा पितो. टाकला. आम्ही दोघी श्वास रोखून बघतोय, तेवढ्यात वीज गेली, जनरेटर सुरू करायला आम्ही बाहेर, आणि परत येतो तर अकाँदे मामा, आईचे भाऊ, खुर्चीत बसून ग्लास खाली ठेवतायत. "हाऽऽ! जरा गार असतं तर बरं झालं असतं!" आता केस तरंगला की बुडाला ते मामांच्या पोटालाच माहीत.

आणि मग ती निगा! पहिल्यांदा पाणी, मग केसांची मलई, मग तेल, हा क्रम चुकला तर सिमी फोनवर रडते. कोरड्या केसांना ओढायचं नाही. ओले करायचे, बोटांनी सोडवायचे, तेही टोकाकडून, मुळाकडून नाही! झोपताना गुळगुळीत कापडाची टोपी, नाहीतर उशी केसांचं पाणी पिते म्हणे. मी रोज हे मंत्र म्हणत न्हाणीघरात, आणि आई बाहेरून, "बाळाला आंघोळ घालतेयस का आत?" त्यात खांद्यापर्यंत वाढलेले केस ओले करून सोडले की वर कानाशी! वर्षभर वाढवा आणि एका तांब्यात घालवा!

एवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, येतुंदेचं लग्न ठरलं. आईने घरच्या सगळ्या बायकांना एकसारखं हिरवं कापड वाटलं, त्याच्याबरोबर कडक झुलीसारखा फेटा. मी म्हटलं, "आई, मी फेटा बांधणार नाही." अबिके मावशीच्या हातातून मोईनमोईन, आमचा तो वाटल्या चवळीचा वाफवलेला वडा, खाली पडला. मावशी म्हणाली, "एक दुपार दे मला. मलम लावते, सरळ करते, विषय संपतो." आई म्हणाली, "उघड्या डोक्याने माझ्या शेजारी उभी राहायचं नाही. लोक म्हणतील, हिला कापड कमी पडलं." तेव्हा येतुंदे बोलली, "ताई, तू आहे त्या केसांनीच ये. मला तू फोटोत तुझ्यासारखी हवीयस." बास. मग मी हटले नाही. शेवटी आईने अट घातली, "एक केस जरी उभा राहिला तरी फेटा माझ्या पिशवीत आहे, लक्षात ठेव."

म्हणजे आता बघा, अख्ख्या खानदानासमोर माझी आणि केसांची इज्जत, आणि पिशवीत फेटा! मी घाबरले. केसांना लावायला जवस उकळून चीक काढला, सिमी म्हणाली चमचाभर मध घाल, मी भीतीने अर्धी बाटली ओतली. पण काय दिसत होते हो! एकेक स्प्रिंग सुटी, चकचकीत! बायका येऊन हात लावून जात होत्या. फोटो झाले. आई दर पाच मिनिटांनी माझ्या डोक्याकडे बघायची आणि पिशवी चाचपायची. एकही केस उभा राहिला नाही!

आणि मग नाच सुरू झाला.

नाचणाऱ्याच्या कपाळाला नोटा चिकटवायच्या, त्या खाली पडायच्या, आणि कुणीतरी पिशवीत गोळा करायच्या, ही आमची रीत. आता म्हणे त्याला बंदी आहे, पण अकाँदे मामांना बंदी कोण सांगणार? मामा आले डुलत, नवरीला लावल्या, मग माझ्या कपाळाला एक. ती घसरली... वर! केसांत गेली आणि बसली. मामांनी दुसरी लावली. बसली! "अरे!" मामा ओरडले, "हिची पडतच नाही!" झालं! सगळा मांडव नवरीला सोडून माझ्याकडे. ढोलवाला माझं नाव घेऊन बडवायला लागला. येतुंदे बिचारी बाजूला उभी, पोट धरून हसतेय, आणि मी हिरव्या लुगड्यात नोटांचं झाड! केस माझे, डोकं माझं, आणि हात मात्र अख्ख्या इबादानचे!

तेवढ्यात अबिके मावशीने एक नोट उपटली. केसांसकट! मी किंचाळले. आणि बघते तर समोरून आई, हातात फेटा. संपलं, म्हटलं. वर्षभराची मेहनत संपली, आता ही म्हणणार, सांगितलं होतं मी. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. आईने हात उचलला आणि फाडकन मारला... मावशीच्या हातावर! "ओढतेस काय, अबिके? कोरड्या केसांना ओढायचं नसतं! ओले करून, बोटांनी, टोकाकडून!"

अहो, न्हाणीघराबाहेर उभी राहून बाईने सगळे मंत्र पाठ केले होते!

मग तिने नोटांसकट माझं डोकं फेट्यात बांधलं. घरी आल्यावर तांब्या घेऊन मागे बसली आणि एकेक नोट सोडवायला लागली, हळूहळू. तिचा हात माझ्या केसांत आणि जळत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. कानामागची ती सैल बट बोटाला गुंडाळून म्हणाली, "ही माझ्या आईची आहे गं. मी उगाच तुझ्या बापाला नाव ठेवलं."

शेवटची नोट निघाल्यावर मात्र आई पुन्हा आई झाली. म्हणाली, "पुढच्या महिन्यात मामांच्या मुलाचं लग्न आहे. फेटा नको बांधूस. आणि मध जरा जास्त घाल."

नोटा? त्या पुसून, वाळवून येतुंदेला दिल्या, लग्न तिचं ना! तर आता काय सांगू तुम्हाला... केस माझे, डोकं माझं, मधसुद्धा माझ्याच पैशांचा, आणि लग्नाच्या आमंत्रणांवर मामा आता हाताने लिहितात, "मोरेनिके येणार आहे."