दोन थरांच्या मधलं

प्लायवुडच्या दुकानात रांग हलत नव्हती. खुर्चीच्या गादीसाठी फोम घ्यायला आलेल्या शिंपीणबाईंच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. त्यांचं बोलणं बाईंच्या कानावर पडतच होतं.

“हे लाकूड घालणार तुम्ही बांधताय त्या होडीच्या आत? नुसत्या बोटानं खड्डा पडतोय.”

“बाल्सा आहे ते. दोन्ही बाजूंनी फायबरचा थर चढला की दगड होतो त्याचा.”

“आणि त्या थराला तडा गेला तर?”

“पाणी शिरतं. मग आतून कुजत जातं.”

“वरून कळतं का?”

“लवकर नाही कळत.”

“मग फोम घ्या.”

“फोम उन्हात मऊ पडतो म्हणतात.”

“तुम्हाला उन्हात जायचंच नाहीये. डॉक्टर काय म्हणाले?”

“म्हणाले, आनंदात राहा.”

“तेवढं बरं ऐकू आलं. परवा जिन्यात चक्कर आली तेव्हा मी होते धरायला. तळ्याच्या मध्यावर कोण असणार आहे?”

“मी काठाकाठानंच फिरेन गं.”

“फोमची होडी बुडते का?”

“उलटली तरी तरंगते. धरून राहता येतं.”

“पोहता न येणाऱ्यालासुद्धा?”

“मला येतं की पोहायला.”

“तुमचं कोण विचारतंय?”

तेवढ्यात दुकानदारानं मान वर केली.

“बोला काका.”

“फोम दाखवा. एका माणसाच्या होडीला पुरेल इतका.”

“दोन माणसांच्या,” म्हातारी म्हणाली. “आणि जाडसर दाखवा.”