तफीदाचा मुलगा

—त्याच्या खुर्चीत नको बसूस, इकडं ये. परवा कैरोहून पोरी आल्या होत्या, रडत रडत त्याच्या सपाता पिशवीत घालून घेऊन गेल्या. सपाता! शी! मी त्या धुतल्यासुद्धा नव्हत्या रे — घे, चहा घे. मी कोबीची पानं भरतेय, हाताला भात लागलाय. तो जाऊन दोन महिने होतील, पण हात अजून त्याच्यापुरती जास्तीच भरतात... हं, माझ्या शाकिरनं लिहिलेली पुस्तकं. येतो तो तेच विचारतो. बसस्टँडच्या टपरीवर मिळायची, खिशात मावणारी, पोरं अभ्यासाच्या पुस्तकात दडवून वाचायची — ‘शाकिरनं आम्हाला वाचायला शिकवलं’ म्हणे! काय वाचायला? गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं हडळ राहते नि पोरांची बोटं खाते! किळस येते मला. आणि तू काय विचारणार तेही ठाऊक आहे — हडळीला ते नाव कुठनं सुचलं? मला काय विचारतोस? असेल कुणा बाईचं.

आपल्याकडं मुलगे आईचं नाव दडवतात, तूही दडवलं असशील — दडवलंस ना? वर्गात कळलं की संपलं, गल्लीभर ओरडत सुटतात. ह्याचं कळलं. मास्तरानंच भर वर्गात विचारलं, मेल्यानं. घरी आला, जेवला नाही, माझ्याकडं बघेना. म्हटलं लहान आहे, विसरेल. विसरतोय कसला! मोठा झाला आणि अख्ख्या मिसरला — विचारलं हां मी त्याला. माझ्या हाताचा मुका घेऊन हसला, ‘आई, तुला अमर केलं.’ अमर! शेजारीण नातवाला भरवताना म्हणते, खा, नाहीतर तफीदा येईल. माझ्याच दारात उभी राहून! तिला कुठं माहीत, ती मला शाकिरची आईच म्हणते. मुलगी झाली की तुझंच नाव ठेवीन म्हणाला होता. ठेवलं रिहाम.

बघतोस काय? हो, माझंच. तोंड मीट.

दफनाला मी मागं बायकांत उभी होते. मातीत ठेवल्यावर शेख मयताला आईच्या नावानं हाक मारतात ना — त्याच्या मामानं कानात सांगितलं, आणि शेख मोठ्यांदा, ‘हे शाकिर, तफीदाच्या मुला —’ आणि तुमची ती पोरं, तोवर हुंदके देत होती — एक फिसकन हसला. मग दुसरा. मग रांगच्या रांग. माझ्या मुलाच्या कबरीवर! शिसारी आली, पोरांची नाही रे — ह्याची. रडताही येईना मला. पोटचं पोर मातीत जातंय आणि मला रडू येईना, कळतंय तुला?

तू होतास तिथं?... खाली काय बघतोस?

बरं, एक कर. माझं नाव घे. एकदाच, न हसता. माझ्या आईनं हौसेनं ठेवलं होतं ते.

‘शाकिरची आई’ नको. नाव.

हं. फुटलंच हसू तुलाही.

ऊठ. कप राहू दे तिथंच. जाताना दार ओढून घे.