फांद्या कुणी काढायच्या

— नाही नाही हनान, चुकलं, पुन्हा म्हण. 'येतो.' आमच्या फिनिश भाषेत पुढच्या काळासाठी वेगळं रूपच नाही, कितीदा सांगितलं? आत्ता येतोय की संध्याकाळी येईल, हे आजूबाजूचं बघून ओळखायचं — आता माझ्या नवऱ्याचंच घे. काल घसरगाडी घेऊन गोठलेल्या तळ्यावरून पलीकडे बहिणीकडे गेलाय. 'औलिस येतो.' कधी? खिडकीतून बघ, कळेल — हो, तो काळा ठिपका, तोच.

घाबरतेस काय, वाट आखलेली आहे ना! बर्फात रोवलेल्या फांद्या दिसतात? त्यांच्या कडेकडेनं चालायचं. बर्फ कच्चा झाला की ज्यानं रोवल्या त्यानंच उपटायच्या, म्हणजे कुणी फसत नाही. इथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं हे. — चल, पुढचं रूप. यात कर्ता नसतो. फार सोयीचं बाई! झालं एवढंच म्हणायचं, कुणी केलं ते गुलदस्त्यात. औलिसला तोंडपाठ आहे. आमची इर्मेली, नऊ वर्षांची, असाच मार्च — फांद्यांच्या कडेनं शाळेतून घरी येत होती, पोचलीच नाही — आणि हा पोलिसांना म्हणतो, 'फांद्या काढायच्या राहिल्या.' राहिल्या! कुणाच्या राहिल्या? आपोआप? एकतीस वर्षं झाली, 'माझ्याकडून' एवढा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. आणि मी रोज त्याला कॉफी ओतून देते.

यंदा जानेवारीत त्याची कंबर धरली, म्हणून फांद्या मी रोवल्या. — हो, मीच. काल पाऊस झाला ना, तेव्हा आज सकाळी पहार घेऊन गेले, बर्फ टोचून पाहिला. ओढा तळ्याला मिळतो तिथं पहार एका घावात आरपार. — फांद्या? नाही उपटल्या. मी नाही उपटल्या. बघ, मला म्हणता येतं!

बूट कशाला घालतेस? तास संपला नाही अजून. — तू ओरडलीस तर ऐकेल? ऐकेल बहुतेक, तुझा आवाज तरुण आहे. — ओढ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे तो? मला नीट दिसत नाही, डोळ्यांत पाणी येतंय — अगं बघतेस काय, जा! पळ, हाक मार, परत फिरव त्याला, माझं नाव सांग —

थांब.

नुसती घसरगाडीच दिसतेय.

राहू दे आता. बूट काढ.