कुमुदताईंचे गुडघे आणि बाळाचं टेबल

मंडळी, एक प्रश्न विचारतो. लगेच उत्तर देऊ नका — लगेच दिलेलं उत्तर बहुधा शेजारी बसलेल्याला ऐकू जावं म्हणून दिलेलं असतं! प्रश्न असा — ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याच्यापासून आपलं दुखणं लपवावं का? 'त्याला उगीच त्रास नको' म्हणून आपण दातावर दात धरून सोसत राहिलो, तर तो त्याग झाला? की तो अहंकार झाला?

त्याग! बघा, सगळ्या माना हलल्या. त्या माउलींची तर दोनदा हलली. ठीक आहे. आता आख्यान ऐका आणि मग बघू मान कुठल्या बाजूला हलते ते.

हे आख्यान पुराणातलं नाही हो. कराडातलं आहे! तिसऱ्या मजल्यावरचं. घर गुळवण्यांचं. घरात माणसं तीन. निनाद, त्याची बायको ऋजुता, आणि निनादची आई — कुमुदताई. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. कुमुदताईंनी शाळेत शिवण शिकवलं, मुलगा मोठा केला, घर चालवलं. ताठ बाई! कुणी 'बसा' म्हटलं तर म्हणणार, 'मी उभी बरी आहे.' कुणी 'द्या ती पिशवी' म्हटलं तर पिशवी दुसऱ्या हातात घेणार. अशी माणसं तुम्ही पाहिली आहेत ना? आरशात पाहिली असतील!

तर या घरात आनंदाची बातमी आली. ऋजुताला दिवस गेले. आणि निनादच्या जिवाला चैन पडेना! बाप होणार ना — पोटात बाळ तिच्या, आणि कळा याला! सकाळी उठला की मोबाइल. जेवताना मोबाइल. पाळणा कुठला, दुपटी कुठली, नखं कापायची कात्री कुठली. आणि एक दिवस ओरडतच बाहेर आला —

"ऋजुता, आपल्याला टेबल लागणार!"

"कसलं टेबल?"

"बाळाचे कपडे बदलायचं. हे बघ, कमरेएवढं उंच. वर मऊ गादी, खाली कप्पे. वाकायला नको, बसायला नको. उभ्या उभ्या लंगोट बदलला, झालं!"

ऋजुता पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी. नमुना तपासल्याशिवाय बोलायची नाही. म्हणाली, "अरे, जमिनीवर सतरंजी घालू, वर गोधडी. जमिनीवरून बाळ पडत नाही. टेबलावरून पडतं."

आता सांगा मंडळी, यात चूक काय आहे? काही नाही! आपल्या बाळकृष्णाला गाड्याखाली निजवलं, तर त्याने लाथ मारली आणि गाडा उलटला. पण तो भगवंत! तुमच्या-आमच्या घरचं बाळ कुशीवर वळलं, तर टेबल उलटत नाही हो — बाळ खाली येतं! तेव्हा ऋजुताचं म्हणणं बरोबर. आणि निनादचं? वाकून पाठ मोडते, हेही बरोबर. दोघंही बरोबर. घरात दोघंही बरोबर असले की भांडण फार लांबतं!

टेप आली. भिंत मोजली. कपाट सरकवलं. परत जागेवर आणलं. शेवटी निनाद म्हणाला, "आई, तू सांग. तू वाढवलं आहेस मला."

आणि कुमुदताई हसल्या. मोठ्याने हसल्या! "टेबल? अरे, बाळ आहे का ऑफिसची फाइल? तुला मी पायावर घेऊन न्हाऊ घातलं. मांडी घातली, बाळ घेतलं, लंगोट बदलला, चालले कामाला. हिच्या नोकरीच्या वेळात मीच सांभाळणार आहे ना? मला नकोय तुमचं टेबल!"

झालं! निकाल लागला. टेप कपाटात गेली.

पण मंडळी — हसून झाल्यावर त्या बाई आपल्या खोलीत गेल्या. दार लावलं. पलंगाची कड धरली... आणि हळूहळू, हळूहळू जमिनीवर बसायला लागल्या. अर्ध्यावर आल्यावर गुडघ्यात अशी काही कळ आली, की पदराचा बोळा तोंडात धरला. बसल्या कशाबशा. आता उठायचं! पलंग धरला. उठता येईना. पुन्हा धरला. घाम फुटला. बाहेरून निनादने हाक मारली, "आई, चहा!" — आतून उत्तर काय? "आले रे, जरा पोथी वाचते आहे!"

पोथी! देवाचं नाव पुढे करून माणूस काय काय लपवतो बघा!

का लपवलं त्यांनी? सांगतो. काही दिवस आधी स्वयंपाकघरातून दोघांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं. ऋजुता म्हणत होती, "आईंना झेपेल ना रे? नाहीतर पाळणाघर बघून ठेवू." बस्स! तो एक शब्द — पाळणाघर — बाईंच्या काळजात जाऊन बसला. गुडघे गेले हे कळलं, की नातवंड हातचं गेलं! मग काय, रोज दार लावून सराव. बसायचं, उठायचं. बसायचं, उठायचं. व्हायचं काय? गुडघे आणखी बिघडले!

नात झाली. नाव ठेवलं ओवी. नाव ओवी, पण रडणं अख्ख्या आख्यानाएवढं! ऋजुता माहेरी राहून आली, बाळ जरा मोठं झालं, पालथं पडायला लागलं, आणि तिची रजा संपली. पहिल्या दिवशी कामावर जाताना ती दारातून परत आली. पुन्हा गेली. पुन्हा आली. "आई, जमेल ना?"

"जा गं! मी काय परकी आहे?"

आणि जमवत होत्या हो त्या! कसं? तर ओवीला गोधडीवर ठेवायचं, लंगोट बदलायचा, मग बसल्या बसल्या सरपटत दिवाणापर्यंत जायचं, त्याचा हात धरून स्वतःला वर ओढायचं. दिवाणाचा तो हात खिळखिळा झाला. निनाद म्हणाला, "लाकूड हलकं निघालं." मुलगा इंजिनियर बरं का!

मग तो दिवस आला.

ऐन दुपार. ऋजुता आणि निनाद दोघं कामावर. कुमुदताईंनी गॅसवर दूध ठेवलं, आणि इतक्यात ओवी रडायला लागली. लंगोट ओला! 'दूध तापेपर्यंत बदलून होईल,' म्हणून बाई खाली बसल्या. बसताना आत काहीतरी कट्कन झालं. लंगोट बदलला. पोर हसायला लागली. बाई दिवाणाकडे सरकल्या, हात धरला, जोर लावला — आणि पाय उचलेचना! उजवा गुडघा जागच्या जागी धरला. पुन्हा जोर लावला. दिवाणाचा हात सुटून हातात आला!

आणि स्वयंपाकघरातून वास आला. करपल्याचा. मग धूर आला. दूध उतू गेलं होतं, भांडं कोरडं पडलं होतं, आणि ओट्यावरच्या फडक्याचं टोक ज्योतीला लागलं होतं!

मंडळी, आता तुम्ही काय कराल? स्वयंपाकघरात जाल? सरपटत जाऊन ओट्यावर हात पोचतो का? मोबाइल? मोबाइल ओट्यावरच! बाळ गोधडीवर, धूर दारातून आत येतोय, आणि बाई जमिनीला खिळलेली!

बापूसाहेब, तबला थांबवा. हा ठेका नको इथे. इथे फक्त नाव घ्या. बोला — विठ्ठल! विठ्ठल! विठ्ठल!

बाईंनीही तेच घेतलं. आणि गोधडीचं टोक धरलं. ओवीला गोधडीसकट पुढे ढकलायची, मग स्वतः सरकायचं. पुढे ढकलायची, सरकायचं. पोरीला वाटलं खेळ आहे! ती हसतेय, आजीच्या डोळ्यांतून पाणी चाललंय — धुराचं आणि कळांचं. असं करत करत बाई बाहेरच्या दाराशी पोचल्या. आणि दोन्ही मुठींनी दार बडवायला लागल्या!

समोरच्या दारात मुळीकवहिनी राहतात. त्या धावत आल्या.

"काकू? काय झालं? दार उघडा की!"

कुमुदताई वर बघतात, तर लॅच हाताच्या वर. कितीही ताणलं तरी हात पोचेना.

"काकू! उघडा ना!"

आणि बाई गप्प! अहो, घर पेटायला आलंय, नात जवळ आहे, आणि तोंडातून शब्द फुटेना! का? कारण आता जे बोलायचं होतं, ते त्या बाई जन्मात बोलल्या नव्हत्या. ओवीला ठसका लागला. खोकली ती. त्या एवढ्याशा खोकल्यासरशी सगळा ताठा गळून पडला, आणि बाई किंचाळल्या —

"मला उठता येत नाही! मुळीकवहिनी, मला उठता येत नाही!"

"आमच्याकडे किल्ली आहे, काकू! आले, आले!"

हो! किल्ली समोरच्याच घरात होती! निनादनेच ठेवायला दिली होती. पण आत बसलेलं माणूस उठू शकतं, असं बाहेरच्याला वाटत असेल, तर तो किल्ली कशाला शोधेल? सांगा!

कुलपात किल्ली फिरली. कुमुदताई ओरडल्या, "सावकाश! बाळ दाराशी आहे!" आणि सगळं बळ एकवटून त्यांनी गोधडी बाजूला ओढली. दार उघडलं. मुळीकवहिनी आत. आधी ओवीला उचललं, मागोमाग आलेल्या आपल्या नवऱ्याच्या हातात दिलं. मग ओटा! गॅस बंद, फडक्यावर पाणी, खिडक्या सताड. भांडं काळंठिक्कर, भिंतीवर काजळी. पण वाचलं सगळं. सगळं वाचलं!

निरोप गेला. निनाद आला, ऋजुता आली. ऋजुताने ओवीला छातीशी धरलं ते सोडेना. आणि निनाद — घाबरलेला माणूस काय करतो? ओरडतो!

"आई, का नाही सांगितलंस? का नाही सांगितलंस!"

कुमुदताई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "सांगितलं असतं, तर नेली असतीत पाळणाघरात. मग मी घरात कशाला उरले?"

तेव्हा ऋजुता बोलली. आणि काय बोलली ऐका. म्हणाली, "आई, मला कळलं होतं. पुरतं नाही, पण कळलं होतं. दिवाणाचा हात हलताना मी बघितला होता. मी विचारलं नाही. कारण तुम्ही 'हो, दुखतं' म्हणाला असतात, तर माझ्या नोकरीचं काय करायचं, हे मला ठरवावं लागलं असतं."

बघा मंडळी! एकीने सांगितलं नाही, दुसरीने विचारलं नाही. दोघींचा त्या लेकरावर जीव! आणि दोघींच्या मधे, धुरात, ते लेकरू!

मग ऋजुता त्यांच्या पायाशी बसली. "कुठं दुखतं? दाखवा." बाईंनी साडी वर केली. गुडघा सुजून केवढा झाला होता! तिने तेल नाही लावलं, मलम नाही लावलं. नुसता हात ठेवला. आणि कुमुदताई रडल्या. किती वर्षांचं रडू होतं, कोण जाणे.

पुढे? पुढे सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली, त्याला बाई अजून 'बघू' म्हणतात. मदतीला कमल नावाची एक बाई यायला लागली, तर कुमुदताई तिच्याशी कित्येक दिवस धड बोलल्या नाहीत. पण ओवी घरातच राहिली. आणि टेबल? टेबल आलं! मोबाइलमधलं नव्हे. सुताराला घरी बोलावलं. निनाद म्हणाला, "माप आईच्या कमरेचं घ्या." कुमुदताई उभ्या राहिल्या, सुताराने टेप लावली, आणि तिथल्या तिथे ठरलं — तीन बाजूंना उंच कड, चौथी बाजू मोकळी, आजीकडे, टेबल भिंतीला घट्ट बसवलेलं. नियम एकच. कपडे आधी हाताशी घ्यायचे, आणि बाळावरचा हात काही झालं तरी उचलायचा नाही. दार वाजो, फोन वाजो, दूध उतू जावो! हात बाळावर! आणि बाळ घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही!

मग कुणी मला विचारतं, "बुवा, बाळाला टेबल लागतं का हो?" अरे, बाळाला काहीच लागत नाही! बाळ सतरंजीवर खूश आहे. ज्याला वाकता येतं, बसता-उठता येतं, त्याच्या घरी सतरंजी सोन्यासारखी. लागतं ते सांभाळणाऱ्याला. मग सांभाळणाऱ्याला विचारा! आणि विचारून थांबू नका. हसून 'नको' म्हणाला, तर जरा त्याच्या उठण्या-बसण्याकडे बघा.

आणि आता, 'त्याग' म्हणून माना हलवणारे! सोसणं मोठं असतं, खरं आहे. पण आपल्या सोसण्यावर दुसऱ्याचा जीव टांगलेला असताना तोंड न उघडणं, याला मी त्याग म्हणणार नाही. देवापुढे येऊन आपण म्हणतो, 'देवा, मला तार.' त्याला सांगायला लाज वाटत नाही. मग सुनेला सांगायला का वाटते? मुलाला का वाटते?

चला. आरतीची वेळ झाली. आता उभं राहायचं आहे... थांबा! थांबा, कुणी उठू नका. मला दिसतंय सगळं इथून. कितीतरी जण आत्ता मनात म्हणताहेत, उठताना कशाला धरू? कुणाला दिसणार तर नाही? ते बघा, त्या आजींचा हात चालला खांबाकडे. आजी, खांब सोडा! शेजारी कोण आहे? सून? मग तिला सांगा. मनात नको, तोंडाने. काय सांगायचं, माहीत आहे ना आता?

ऐकू नाही आलं.

मोठ्याने, आजी!

...हां! ऐकलंत? 'मला उठव' म्हणाल्या! उठवा त्यांना, सूनबाई, उठवा. सावकाश. घाई नाही, देव थांबलेला आहे. आणि आणखी कुणाला हात हवाय? मागा! लाजू नका, मागा! सगळे उभे राहिल्याशिवाय मी निरांजन लावणार नाही.