ग्लेनिसचा हुकलेला मुकुट

...नाही, पण मी म्हणतो, कुणी बघितलं होतं? पंचाने नाही, लोकांनी नाही, अहो ज्याने वार केला त्या लॅक्लननेसुद्धा नाही, आणि ही बया आपली तलवार खाली ठेवते आणि म्हणते, "लागला. मेले मी."

थांबा, पहिल्यापासून सांगतो. ग्लेनिस म्हणजे माझी बायको. वय चोपन्न. आठवडाभर बर्रा गावात शाळेची बस चालवते आणि सुट्टीच्या दिवशी चौदाव्या शतकातली सरदार होते. एरवी आमच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात किल्ला म्हणाल तर औषधालाही सापडायचा नाही, मेंढ्या हव्या तेवढ्या. पण दर ऑक्टोबरात जत्रेच्या मैदानावर, लोकर कातरायच्या शेडला लागून तंबू पडतात, निशाणं लागतात, आणि नर्स, सुतार, दाताचे डॉक्टर, सगळे चिलखतं चढवून वेताच्या तलवारींनी एकमेकांना धोपटतात. शेवटी जो उरेल तो वर्षभर राजा. समोर येईल त्याने गुडघा टेकायचा. हसू नका, मीही हसायचो.

चिलखत कुणी केलं? मी. कुंपणाच्या तारेचं. तुम्हाला सांगतो, एकेक कडी पकडीने वळवायची, दुसरीत अडकवायची, अशा चौदा हजार कड्या... टीव्हीसमोर दोन हिवाळे गेले, अंगठा अजून सरळ होत नाही. शिरस्त्राण जुन्या गॅसच्या टाकीचं. अकरा वर्षं ही लढतेय, दोनदा अंतिम फेरीत हरली, आणि आता नोव्हेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय, "बाई, हे शेवटचं." म्हणजे यंदा मुकुट नाही तर कधीच नाही, कळलं का?

आणि काय लढली हो! अंतिम फेरीत समोर ॲडलेडचा लॅक्लन, दाताचा डॉक्टर, तिशीतला, ताडमाड उंच, दात उपटून उपटून मनगटं ही एवढी... त्याला तिने मैदानाच्या कडेपर्यंत रेटत नेला. मी हातात सॉसेज धरून उभा, खायची शुद्ध नाही. त्या धुमश्चक्रीत त्याचा एक वार ढालीखालून हिच्या बरगडीला लागला. लागला म्हणे. कुणी बघितलं होतं? पंच म्हणाला, "चालू द्या." लॅक्लन म्हणाला, "हुकला माझा." आणि आमच्या बाईसाहेब...

कारण यांचा नियम काय, तर वार लागला की नाही हे मारणाऱ्याने सांगायचं नाही, पंचानेही नाही. ज्याला लागला त्याने सांगायचं. हा काय नियम झाला? चोरालाच विचारायचं, बाबा रे, चोरी केलीस का?

मी धावत गेलो. ही गवतात आडवी, मेली होती ना. म्हटलं, "ग्लेनिस, ऊठ, सांग चुकून म्हणाले." टाकीच्या आतून आवाज आला, "डेन्झिल, मेलेल्या माणसाशी बोलू नये."

लॅक्लन तर रडायलाच लागला. डोक्यावर मुकुट चढला आणि हा पठ्ठ्या आधी येऊन हिच्यापुढे गुडघ्यावर बसला. राजा असून. मग एकेक करत अख्खं मैदान बसलं, पंचसुद्धा. मीही बसलो. म्हटलं उगाच एकटा उभा दिसायला नको... नाही, खरं सांगतो, पाय आपोआप वाकले. तीस वर्षांचा संसार झाला, पण केवढी मोठी बाई आपल्या घरात राहते हे मला त्या दिवशी कळलं.

गाडीत मात्र भांडलो. "अकरा वर्षं, ग्लेनिस. चौदा हजार कड्या. कुणी बघितलं होतं?"

ती म्हणाली, "मी होते ना तिथे."

झालं, विषय संपला.

पुढचा शनिवार. शेजारच्या गावाशी क्रिकेटची मॅच, जिंकायला तीन धावा, शेवटची जोडी, समोर मी. आता आमच्याकडे कसंय, चेंडू बॅटला चाटून कीपरच्या हातात विसावला तरी पंच बोट वर करेपर्यंत माणूस जागचा हलत नाही. माझे वडील हलले नाहीत, आजोबा हलले नाहीत. चाटून गेला. एवढासा. पंच म्हणाला, "नाबाद." बोलर डोकं धरून मागे फिरला. आणि मी बघतो तर मी पॅव्हेलियनकडे चालतोय.

कप्तान धावत आला, "डेन्झिल, अरे गाढवा, कुणी बघितलं होतं?"

मॅच गेली. तेव्हापासून पबमध्ये माझ्या टेबलाला कुणी बसत नाही.

घरी आलो. ग्लेनिस गुडघ्यावर बर्फ धरून बसलेली. म्हणाली, "कसा आउट झालास रे?"

म्हटलं, "तुझ्यामुळे."